बावटा लागल्यावर

आपल्या मराठीत घराभोवती केवढे तरी शब्दप्रयोग गुंफलेले आहेत. माणूस घर बांधतो, घर भरतो, घर चालवतो, घर सावरतो. सून येते आणि घराला घरपण आणते. दिवस फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात. या साऱ्या बोलण्यात घर हे धरून राहण्याचे ठिकाण आहे. 'घर सोडणे' हे शब्द मात्र आपण जड जिभेने उच्चारतो. लेक सासरी जाते, मुलगा नोकरीसाठी परदेशी जातो, तेव्हा घर सुटते खरे. पण ते मागे उभे असते आणि सांजवेळी दिवा लावणारे कोणीतरी त्यात असते. आग लागली किंवा पूर आला, तर माणूस जीव मुठीत धरून पळतो. तेथे विचाराला सवडच नसते.

या दोहोंहून वेगळा असा घर सोडण्याचा एक तिसरा प्रकार आहे. आकाश निरभ्र आहे, अंगणात ऊन पडले आहे, भिंतीला तडा नाही, छप्पर जागचे हललेले नाही. आणि तरीही 'दोन दिवसांनी वादळ येणार आहे' एवढ्या एका शब्दावर चांगल्या, सुदृढ घराला कुलूप घालून निघायचे. काय न्यायचे, काय ठेवायचे, कोणाला हाक मारायची, हे सारे शांतपणे ठरवायचे. आपत्ती येऊन गेल्यावर धीर धरणे कठीण असतेच. पण ती आलेली नसताना तिच्यावर विश्वास ठेवून उठणे हे आम्हास अधिक कठीण वाटते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबावर हा प्रसंग तीन वर्षांत दोनदा आला. मूळचे हे कुटुंब वसईच्या किनाऱ्यावरचे, कोळी ख्रिस्ती. घरधनी तांडेल होते. ते देवाघरी गेल्यावर त्यांची पत्नी काही वर्षे अमेरिकेत मुलाकडे राहावयास गेली. मुलगा टेक्सास राज्यात ह्यूस्टनजवळच्या रसायनांच्या कारखान्यात अभियंता. गॅल्व्हेस्टनच्या उपसागराच्या काठी सीब्रुक नावाचे लहानसे गाव आहे, तेथे त्याने घर घेतले होते. घरात तो, त्याची पत्नी, दोन नातवंडे आणि ही आजी. परत आल्यावर आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात बसून या मावशींनी हा वृत्तांत आम्हास सांगितला. पुढे २०१० साली आम्हास तेथे जाण्याचा योग आला, तेव्हा मुलाच्या तोंडूनही तो ऐकला. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की मुलगा तास आणि मैल सांगत असे, आणि मावशी माणसे सांगत.

प्रथम त्या प्रदेशाविषयी थोडे सांगितले पाहिजे. अटलांटिक महासागरात आणि मेक्सिकोच्या आखातात उठणाऱ्या मोठ्या चक्रीवादळाला तिकडे 'हरिकेन' म्हणतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा त्यांचा हंगाम. वाऱ्याच्या वेगावरून त्यांना एक ते पाच असे क्रमांक दिले जातात. आपल्या मनात वादळ म्हटले की वारा उभा राहतो. परंतु किनाऱ्यावरची माणसे बहुतेक वेळा वाऱ्याने नव्हे, पाण्याने मरतात. वादळ समुद्राचे पाणी पुढे ढकलीत आणते. आखाताचा तळ किनाऱ्याजवळ उथळ असल्यामुळे त्या पाण्याला खाली वाव मिळत नाही. ते जमिनीवर चढते. आपले कोळी बांधव ज्याला उधाण म्हणतात, त्याचाच हा भयंकर भाऊ. उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, म्हणून त्याच्या वाटचालीच्या उजव्या अंगाला वारा पाणी किनाऱ्यावर लोटतो आणि डाव्या अंगाला बहुधा तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. वादळाचा डोळा चाळीस-पन्नास मैल इकडे की तिकडे, यावर एका गावाचा नाश आणि दुसऱ्याचा बचाव ठरतो. आणि तो डोळा नेमका कोठे चढेल हे दोन दिवस आधी कोणालाही नेमके सांगता येत नाही.

२००५ सालचा सप्टेंबर महिना. २९ ऑगस्टला कॅटरिना वादळाने लुईझियाना आणि मिसिसिपीचा किनारा उद्ध्वस्त केला होता. न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला होता आणि हजाराहून अधिक माणसे दगावली होती. तेथून निघालेले हजारो निर्वासित ह्यूस्टनच्या भव्य क्रीडागृहात खाटांवर झोपत होते. मावशी सुनेबरोबर तेथे कपडे आणि अंथरुणे देऊन आल्या होत्या. एका वृद्धेने त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आणि चार आठवडे होण्यापूर्वीच रीटा नावाचे दुसरे वादळ आखातात शिरले. २१ सप्टेंबरला ते पाचव्या क्रमांकाला पोहोचले; वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २८५ किलोमीटर. त्याचा रोख गॅल्व्हेस्टन-ह्यूस्टनकडे होता. किनाऱ्यावरील गावे रिकामी करण्याचे आदेश निघाले.

त्या रात्री घरात सामानाची बांधाबांध झाली. मुलाने पासपोर्ट, विम्याचे कागद, घराचे खरेदीखत एका पिशवीत घातले. सुनेने लग्नाचा अल्बम घेतला, मग जागा नाही म्हणून परत ठेवला, आणि त्यातले चार फोटो तेवढे काढून घेतले. मुलांना प्रत्येकी एक वस्तू घेण्याची मुभा होती. थोरलीने चित्रांची वही घेतली, धाकट्याला काय घ्यावे हे ठरवता येईना, तेव्हा तो रडू लागला. मावशींनी आल्तारावरचा क्रूस उतरवला, नवऱ्याचा फोटो लुगड्यात गुंडाळला आणि सुक्या बोंबलाची पिशवी उचलली. सून म्हणाली, "आई, ती राहू द्या." मावशी म्हणाल्या, "जिथे जाऊ तिथे जेवावे तर लागेलच ना?"

गुरुवार २२ सप्टेंबरला पहाटे तीन वाजता ते निघाले. शेजारच्या घरात एक वृद्ध विधवा आपल्या कुत्र्यासह एकटी राहत असे. मुलाने तिचे दार ठोठावले. ती म्हणाली, निवाऱ्याच्या जागी कुत्र्याला घेत नाहीत. त्याला टाकून मी येणार नाही. गाडीत जागाही नव्हती आणि वाद घालण्यास वेळही नव्हता. ते पुढे निघाले.

पुढचे बावीस तास त्यांनी महामार्गावर काढले. ह्यूस्टन आणि आसपासच्या भागातून त्या दोन दिवसांत २५ लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली. कॅटरिनाची चित्रे दूरचित्रवाणीवर ताजी होती. त्यामुळे ज्यांना जाण्यास सांगितले नव्हते, तेही निघाले. डॅलसकडे जाणारा ४५ क्रमांकाचा महामार्ग म्हणजे जणू मोटारींची एक शंभर मैलांची रांग. ऊन ३८ अंशांच्या घरात. पेट्रोल वाचावे म्हणून लोकांनी गाड्यांतील वातानुकूलन बंद केले होते. खिडक्या उघडल्या तर धूर आणि झळा आत येत. पेट्रोलपंप कोरडे पडले होते. येणाऱ्या बाजूचे रस्तेही जाणाऱ्यांसाठी खुले करण्यात आले, पण तोवर गुरुवारची दुपार झाली होती. लोक गाडीतून उतरून गाडीच्या बाजूने चालत आणि तरी गाडीच्या पुढे जात. कोणी पाण्याच्या बाटल्या वाटत होते, कोणी पाच डॉलरला एक विकत होते. मावशी म्हणत, "फादर, त्या रस्त्यावर मला दोन्ही प्रकारची माणसे एकाच झाडाखाली उभी दिसली."

शेवटी मध्यरात्रीनंतर रस्त्यालगतच्या एका गावात चर्चच्या सभागृहाचे दार उघडे दिसले. ते चर्च आपल्या पंथाचे नव्हते. आतल्या स्त्रियांनी कोण, कोठले, हे न विचारता मुलांना दूध दिले आणि जमिनीवर सतरंज्या घातल्या.

शनिवारी, २४ सप्टेंबरच्या पहाटे, रीटा पूर्वेकडे वळून टेक्सास आणि लुईझियानाच्या सीमेवर किनाऱ्यावर चढली. सीब्रुक डाव्या अंगाला राहिले. चार दिवसांनी हे कुटुंब परतले, तेव्हा घर जसेच्या तसे उभे होते. अंगणात काही फांद्या पडल्या होत्या इतकेच. शेजारीण बाई कुत्र्याला फिरवीत होती. तिने हसून हात हलवला.

हे हसू मुलाच्या मनात खुपत राहिले, आणि ते स्वाभाविकच होते. त्या स्थलांतराचा हिशेब पुढे झाला तेव्हा कळले, की वादळ येण्यापूर्वीच उष्म्याने, अपघातांनी आणि आजाराने जवळजवळ शंभर माणसे वाटेत गेली होती. २३ सप्टेंबरच्या पहाटे डॅलसच्या अलीकडे विल्मर गावाजवळ एका वृद्धाश्रमातील माणसांना नेणारी बस पेटली. चाकाच्या बेअरिंगला वंगण नव्हते. ते तापून आग लागली आणि आतल्या प्राणवायूच्या नळकांड्यांनी ती भडकली. २३ वृद्ध त्यात गेले. ज्यांना वाचवण्यासाठी हलवले, तेच हलवण्यात गेले. अशा घटनेपुढे 'जे होते ते बऱ्यासाठी' असे म्हणण्याचे धाडस आम्हास होत नाही, आणि कोणी म्हणू नये असेही वाटते.

परंतु त्याच रीटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लुईझियाना राज्यात जिल्ह्याला 'पॅरिश' म्हणतात. फ्रेंच आणि स्पॅनिश राजवटीत तेथील कारभाराचे भाग चर्चच्या धर्मग्रामांवरून पडले, म्हणून हा शब्द राहिला. त्यांपैकी किनाऱ्यावरच्या कॅमेरॉन पॅरिशवर १९५७ सालच्या २७ जून रोजी ऑड्री नावाचे वादळ आले होते. आदल्या रात्री लोकांना वाटले, अजून वेळ आहे, सकाळी निघू. रात्रीतून वादळाचा जोर आणि वेग वाढला. सकाळ झाली तेव्हा रस्ते पाण्याखाली होते. चारशेहून अधिक माणसे बुडाली. ४८ वर्षांनी रीटा त्याच कॅमेरॉनवर चढली आणि तिने तेथील बहुतेक सारी घरे धुऊन नेली. पण या वेळी तेथे उधाणाच्या पाण्यात एकही माणूस बुडाला नाही, कारण माणसे तेथे नव्हतीच. आजोबांनी नातवंडांना ऑड्रीची गोष्ट सांगितली होती. एकाच वादळापुढून केलेले पलायन एका ठिकाणी व्यर्थ आणि दुसऱ्या ठिकाणी तारक ठरले. आणि निघताना कोणाला आपण कोणत्या ठिकाणचे हे ठाऊक नव्हते.

तीन वर्षे गेली. २००८ च्या सप्टेंबरमध्ये आईक नावाचे वादळ आखातात आले. या वेळी अधिकाऱ्यांनी रीटापासून धडा घेतला होता. पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा, हे त्यांचे सूत्र. म्हणून ज्यांच्या दारी पाणी येणार, त्यांनीच निघावे आणि आतल्या भागातील लोकांनी घरीच थांबावे, असे टपालाच्या विभागांनुसार कळविण्यात आले. सीब्रुक निघणाऱ्यांत होते. गुरुवार ११ सप्टेंबरला दुपारपासून आदेश लागू झाला.

मुलगा मात्र हलेना. तो म्हणाला, "आई, मागच्या वेळी बावीस तास गाडीत भाजून निघालो. घराला काय झाले? खिडकीची काचसुद्धा हलली नाही. शेजारीण घरात बसून राहिली, ती सुखरूप. आणि ते पाचव्या क्रमांकाचे होते, हे तर दुसऱ्या क्रमांकाचे आहे. मी पोरांना पुन्हा त्या रस्त्यावर नेणार नाही."

त्याच्या बोलण्यात हट्ट होता, तसा अनुभवही होता. पोटच्या पोरांचे हाल पाहिलेला बाप तो. त्याला दोष कोण देईल? सून गप्प होती. तेव्हा मावशी बोलल्या. त्यांचे बोलणे आम्ही त्यांच्याच शब्दांत देतो.

"पोरा, तुझे बाबा तांडेल होते. बंदरावर बावटा लागला की ते बोट काढीत नसत. दहा वेळा बावटा लागायचा, त्यात आठ वेळा समुद्र ताटासारखा सपाट. बाकीचे जाऊन पापलेट घेऊन यायचे आणि बाबांना हसायचे. मीपण एकदा बोलले होते, घरात तांदूळ नाही आणि तुम्ही वाळूत बसलात. ते म्हणाले, हसू दे त्यांना. मला नवव्या वेळी परत यायचे आहे. मागच्या वेळी वादळ दुसरीकडे गेले म्हणून हे घर राहिले. त्यात आपले शहाणपण नव्हते, तसे त्या शेजारणीचेही नव्हते. बावटा खोटा नव्हता, वारा फिरला."

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून गाडी काढण्यास गेला.

परंतु मावशींचे काम संपले नव्हते. त्या शेजारणीकडे गेल्या. मागच्या खेपेस त्या बाईला मागे ठेवून आलो ही गोष्ट तीन वर्षे त्यांच्या मनातून गेली नव्हती. कॅटरिनानंतर, ज्यांनी केवळ जनावरांसाठी घर सोडले नाही अशांची संख्या पाहून, २००६ साली अमेरिकेत कायदा झाला होता, की आपत्तीच्या योजनांत लोकांच्या पाळीव प्राण्यांचाही विचार असावा. मावशींना कायदा ठाऊक नव्हता. त्यांना इंग्रजीचे दहा-वीस शब्द येत. त्या म्हणाल्या, "यू कम. डॉग कम." बाई नको नको म्हणत राहिली. तेव्हा मावशींनी कुत्र्याचा पट्टा हाती घेतला आणि त्या सरळ गाडीकडे चालू लागल्या. कुत्रा निमूटपणे निघाला. त्याच्यामागून त्याची मालकीण आली.

आता गाडीत जागा करावी लागली. संगणक आणि दोन मोठ्या बॅगा बाहेर काढून घरात ठेवल्या. एका बॅगेत सुनेच्या लग्नाचे कपडे होते. ती काही न बोलता ती बॅग माळ्यावर ठेवून आली. आम्हास वाटते, त्या दिवसाच्या साऱ्या हकिगतीत हा सर्वांत मोठा त्याग होता, आणि त्याचा उल्लेख करणारे त्या घरात दुसरे कोणी नव्हते. तो मावशींनीच केला.

त्या दिवशी रस्ते वाहते होते. रात्रीपर्यंत ते सॅन अँटोनिओला एका मित्राच्या घरी पोहोचले. त्याच संध्याकाळी हवामान खात्याने किनाऱ्यालगत लहान घरांत मागे राहणाऱ्यांना निश्चित मृत्यूला सामोरे जावे लागेल, अशा कठोर शब्दांत इशारा दिला होता. आईक क्रमांकाने दुसरे असले तरी आकाराने प्रचंड होते, आणि त्याने आणलेले पाणी त्याच्या क्रमांकाला शोभणारे नव्हते. एवढेच नव्हे, तर पाणी वाऱ्याच्या पुष्कळ आधी आले. वादळाचा डोळा गॅल्व्हेस्टनवर चढला तो शनिवारी, १३ सप्टेंबरच्या पहाटे. पण शेजारच्या बोलिव्हार द्वीपकल्पावरचा एकुलता रस्ता शुक्रवारी सकाळीच पाण्याखाली गेला होता. शुक्रवारी सकाळी निघू म्हणणारे तेथे अडकले. ते द्वीपकल्प डोळ्याच्या उजव्या अंगाला होते. तेथील घरांच्या रांगाच रांगा नाहीशा झाल्या. वादळाचा क्रमांक लोकांची अशी दिशाभूल करतो हे ओळखून पुढे त्या श्रेणीतून पाण्याच्या उंचीचे आकडे काढून टाकण्यात आले. आता तो क्रमांक केवळ वाऱ्याचा आहे.

कुटुंब सीब्रुकला परतले तेव्हा घर उभे होते, पण आत छातीइतके पाणी येऊन गेले होते. शीतकपाट स्वयंपाकघरात आडवे पडले होते, भिंती फुगल्या होत्या, चिखलाचा वास कित्येक महिने गेला नाही. अल्बमची पाने एकमेकांना चिकटून लगदा झाली होती. माळ्यावरची बॅग मात्र कोरडी होती. शेजारणीचे घर सखल जागी होते. तेथे पाणी खिडकीच्या वर गेले होते. तिने दारात उभे राहून आत पाहिले आणि काही न बोलता मावशींचा हात धरला. मुलगा आपल्या घराच्या पायरीवर बसला होता. "मी गेलो नसतो तर," एवढेच तो म्हणाला आणि त्याने मुलांकडे पाहिले.

२०१० साली आम्ही त्या घरी राहिलो. भिंती नव्याने रंगवल्या होत्या. गॅरेजच्या एका भिंतीवर मात्र पाण्याची रेघ तशीच ठेवून तिच्यावर नातवंडांनी तारीख लिहिली होती. एके दिवशी मुलाने आम्हास गॅल्व्हेस्टनला नेले. तेथील सेंट मेरी बॅसिलिका आईकच्या पाण्याने खराब झाली होती आणि दुरुस्तीसाठी बंद होती. तिच्या मनोऱ्यावरची समुद्रतारा मरियामाता मात्र समुद्राकडे पाहत उभी होती. समुद्रकिनारी भिंतीच्या रस्त्यावर एक स्मृतिफलक आहे, तो आम्ही वाचला.

८ सप्टेंबर १९०० रोजी गॅल्व्हेस्टनवर जे वादळ आले, त्यात सहा ते आठ हजार माणसे मेली. शहराची वस्ती तेव्हा सुमारे ३८ हजार होती आणि बेटावरची सर्वांत उंच जमीन तीन मीटरही नव्हती. शहरापासून तीन मैलांवर, अगदी वाळूत, धर्मभगिनींचे सेंट मेरी अनाथालय होते. तेथे ९३ मुले आणि दहा भगिनी होत्या. पाणी चढू लागले तसे भगिनींनी सर्व मुलांना मजबूत इमारतीत गोळा केले, त्यांच्याकडून मरियामातेचे गीत म्हणवून घेतले, आणि कपडे वाळत घालण्याची दोरी कापून सहा-सहा, आठ-आठ मुले आपापल्या कमरेला बांधून घेतली. रात्री इमारत कोसळली. तीन मुलगे वाचले, एका झाडाला धरून. बाकीची मुले आणि दहाही भगिनी गेल्या. पुढे सापडलेल्या काही भगिनींच्या देहांना मुले अजून बांधलेली होती.

त्या फलकापुढे उभे असता आमच्या मनात आले, की या भगिनींना निघा म्हणून वेळेवर सांगणारे कोणी असते, तर ती दोरी कपडेच वाळवीत राहिली असती. आणि सांगू शकणारे अगदीच नव्हते असेही नाही. क्यूबातील हवाना येथे येशूसंघीयांची बेलेन वेधशाळा होती. फादर बेनितो विन्येस हे १८७० पासून १८९३ साली मृत्यू येईपर्यंत तिचे संचालक होते. उंचावरच्या पिसांसारख्या ढगांची दिशा, वारा आणि वायुभारमापक यांवरून दूरच्या वादळाचा डोळा कोठे असावा हे ते ताडीत, आणि १८७५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी वादळाचे पूर्वभाकीत छापून लोकांना सावध केले होते. १९०० साली त्यांच्या परंपरेतील हवानाच्या निरीक्षकांना वादळ टेक्सासकडे जाईल असे वाटत होते; परंतु वॉशिंग्टनच्या हवामान खात्याने हवानाहून तारेने येणारे वादळाचे इशारे तेव्हा बंद करविले होते, आणि त्यांच्या स्वतःच्या मते वादळ फ्लोरिडाकडे वळणार होते. बावटा विणला गेला होता; तो काठीवर चढला नाही.

सेमिनरीत असताना परमेश्वराच्या तरतुदीविषयी आम्ही पुष्कळ वाचले. पण ती तरतूद कोणत्या वाटेने येते, हे मावशींच्या हकिगतीतून आम्हास अधिक स्पष्ट झाले. संत योसेफाला रात्री इशारा मिळाला, तेव्हा तो उजाडण्याची वाट पाहत बसला नाही; बाळ आणि आई यांना घेऊन निघाला. देवावर विश्वास आहे म्हणून मी घर सोडणार नाही, असे म्हणणारे श्रद्धाळू लोक प्रत्येक वादळात भेटतात. न्यू ऑर्लिन्सच्या चर्चमध्ये वादळांच्या हंगामात मरियामातेला 'त्वरित साहाय्य करणारी माता' या नावाने विनवणी केली जाते. ती विनवणी करणारे लोक आदेश निघाला की गाडीही काढतात. या दोहोंत आम्हास विसंगती दिसत नाही. ढगांकडे पाहणाऱ्या फादर विन्येस यांची नजर, हवामान खात्यातील कर्मचाऱ्यांचे जागरण, अनोळखी पंथाच्या चर्चमधील ती सतरंजी, ही साहाय्याचीच रूपे नव्हेत काय?

हा विषय आपल्यापासून फार दूर नाही. ३ जून २०२० रोजी टाळेबंदीच्या दिवसांत 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याकडे आले. वसईकडील किनाऱ्यालगतच्या कुटुंबांनाही घरे सोडण्यास सांगण्यात आले. वादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस चढले. तेथील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. आपण त्याच्या डाव्या अंगाला राहिलो. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काही मंडळी कुरकुरत आली: "फादर, उगाच धावाधाव झाली. वादळ कुठे आले?" आम्ही त्यांना श्रीवर्धनचे नाव सांगितले. पुढल्याच वर्षी १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' वादळ आपल्या समुद्रातून गुजरातकडे गेले. इशारे आधी मिळाले असूनही मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात राहिलेले पी-३०५ हे तराफावजा जहाज बुडाले आणि त्यात सत्तरच्या आसपास कामगार गेले. त्यांच्यातील बहुतेकांच्या हाती निघण्या-राहण्याचा निर्णय नव्हता. घर सोडण्याचा निर्णय स्वतः घेता येणे हेसुद्धा एक भाग्य आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही, पैसा नाही, जाण्यास नातेवाईक नाही, त्यांचा बावटा दुसऱ्याने ओळखावा लागतो.

म्हणून आमच्या धर्मग्रामात आम्ही दर वर्षी पावसाळ्यापूर्वी तीन गोष्टी विचारीत असतो. घरातील महत्त्वाचे कागद एका पिशवीत आहेत काय? निघायचे झाले तर कोणाकडे जायचे हे घरात बोलून ठरले आहे काय? आणि आपल्या आळीत एकटे राहणारे कोण आहे, त्याला बरोबर घेण्याची जबाबदारी कोणाची? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक घरे चटकन देतात. तिसऱ्या प्रश्नापाशी लोक थांबतात, एकमेकांकडे पाहतात, आणि मग कोणीतरी एक नाव घेते. ते नाव आम्ही लिहून ठेवतो.

मावशी आता हयात नाहीत. अमेरिकेतून परत आल्यावर त्या अनेक वर्षे पुन्हा किनाऱ्यावरच्या आपल्या घरी राहिल्या. रेडिओवर तीन नंबरच्या बावट्याची बातमी लागली की त्या शेजारच्या तरुण पोरांच्या दारी जाऊन उभ्या राहत आणि बोट काढू देत नसत. समुद्र सपाट राहिला की पोरे त्यांना हसत. मावशी त्यांच्याबरोबर हसत असत आणि पुढच्या बावट्याला पुन्हा त्याच दारी जात.